पासवर्ड विसरलात? कॉम्प्युटर पुसून टाकण्याआधी हे करून बघा

रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. “अगं, लॅपटॉप मला आत घेतच नाहीये. रोजचाच पासवर्ड टाकतेय, तरी चुकीचा म्हणतोय.” तोवर तिचे पंधराएक प्रयत्न झाले होते. कोणीतरी तिला सांगून मोकळं झालं होतं की आता सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागणार. त्या लॅपटॉपमध्ये आजीचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी तिला म्हटलं, “पासवर्ड टाइप कर, पण एंटर दाबू नकोस. रकान्याच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र दिसेल, त्यावर माउस दाबून धर.” तिने अक्षरं वाचून दाखवली. ‘एम’च्या जागी शून्य आणि ‘ओ’च्या जागी सहा. नंबर लॉक चालू झालं होतं. ज्या लॅपटॉपना आकड्यांची वेगळी पट्टी नसते, त्यातल्या काहींमध्ये उजव्या हाताच्या अक्षरांच्या बटणांवरच आकडे दडवलेले असतात आणि नंबर लॉक लागलं की ती बटणं आकडे टाइप करू लागतात. लॉक काढलं, आत्या आत गेली.

त्या रात्रीपासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते. पासवर्ड गेला म्हणून काही जात नाही. घाईत केलेल्या उपायामुळे मात्र फोटो, हिशोब, लिहिलेलं सगळं जाऊ शकतं. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा. ज्याने काहीच पुसलं जात नाही ते आधी, पुसणारे उपाय सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरसाठीच तो आहे. मशीन ऑफिसचं किंवा कॉलेजचं असेल तर इथेच थांबा आणि तिथल्या आयटी विभागाला सांगा. त्यांच्याकडे नवा पासवर्ड द्यायची सोय असते, आणि तुम्ही केलेला कुठलाही प्रयोग त्यांचं काम वाढवेल.

पहिली पाच मिनिटं

डोळ्याचं चित्र सांगितलंच. कॅप्स लॉक बघा. मग कीबोर्डची भाषा बघा. आपण मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्ड वापरतो, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे फार होतो. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे भाषेची खूण असते. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. एखादं बटण अडकलं किंवा मेलं असेल तर त्याच पडद्यावरच्या ॲक्सेसिबिलिटीच्या चित्रातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि माउसने टाइप करा. बाहेरचा कीबोर्ड जोडून पाहणं तर सगळ्यात सोपं.

एवढ्यानेही जमलं नाही तर सारखे अंदाज मारू नका. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटांसाठी बंद होतं. त्या १० मिनिटांत कागद घ्या आणि आठवतील ते पासवर्ड लिहून काढा. फोनच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादीही चाळा. कितीतरी लोक तोच शब्द थोडा फिरवून सगळीकडे वापरतात. ही सवय चांगली नाही, पण आत्ता तीच कामाला येऊ शकते.

आता एक मूळ गोष्ट. विसरलेला पासवर्ड कॉम्प्युटर तुम्हाला ‘सांगू’ शकत नाही, कारण तो त्यालाही माहीत नसतो. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून आलेलं एक उत्तर, ज्याला हॅश म्हणतात, तेवढंच साठवलेलं असतं, आणि त्यावरून उलटं मागे जाता येत नाही. म्हणून जुना पासवर्ड ‘शोधण्यात’ वेळ घालवू नका. आपल्याला नवा ठेवायचाय.

कुलूप कुठलं ते ओळखा

कॉम्प्युटरवर तीन प्रकारची कुलपं असू शकतात. नवखी माणसं तिन्हींना ‘पासवर्ड’च म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिलं, ऑनलाइन खात्याचं. मायक्रोसॉफ्ट, ॲपल किंवा गूगलच्या खात्याने आत जात असाल तर पासवर्ड त्या कंपनीच्या सर्व्हरवर बदलता येतो.

दुसरं, लोकल खात्याचं. हे फक्त त्या मशीनपुरतं असतं, बाहेर कोणाला त्याची खबर नसते.

तिसरं, डिस्कच्या एन्क्रिप्शनचं, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात सगळं साठवण्याचं. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर (विंडोजसारखीच एक मोफत सिस्टिम) लक्स. हे सगळ्यात मजबूत. याची किल्ली खरोखरच हरवली तर जगातला कुठलाही तंत्रज्ञ तुमच्या फाइल परत आणू शकत नाही. कोणी ‘आणून देतो’ म्हणत असेल तर तो तुमच्याशी खोटं बोलतोय.

पडदा सुरू होताच कंपनीच्या नावाखालीच पासवर्ड मागितला जात असेल तर ते आणखी वेगळं, बायॉसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप. त्यासाठी मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे खरेदीची पावती घेऊन जावं लागतं.

विंडोज: आधी पिन आणि पासवर्ड वेगळे करा

बहुतेक जण रोज पिन टाकतात, म्हणून पासवर्ड विसरतात. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, पासवर्ड खात्याचा असतो. पिन विसरला पण पासवर्ड आठवतो, तर लॉगिनच्या पडद्यावर ‘साइन-इन ऑप्शन्स’वर क्लिक करा आणि किल्लीचं चित्र निवडा. दोन्ही विसरले असाल तर पुढे वाचा.

एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका आणि खाली काय लिहून येतं ते बघा. ‘आय फरगॉट माय पासवर्ड’ असं आलं तर खातं मायक्रोसॉफ्टचं. ‘रीसेट पासवर्ड’ आलं तर लोकल.

मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर असं करा:

१. फोनवर मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन पानावर जा, स्वतःचा ईमेल टाका आणि पासवर्ड विसरल्याच्या दुव्यावर टिचकी मारा. लॉगिनच्या पडद्यावरूनही हे होतं, पण फोनवर करणं जास्त सोयीचं वाटतं.

२. नोंदवलेल्या फोन नंबरवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येईल. तो टाका, नवा पासवर्ड ठेवा.

३. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे नेटवर्कची खूण आहे, तिथून कॉम्प्युटर वायफायला जोडा. मगच नवा पासवर्ड टाका.

तिसऱ्या पायरीवर खूप जण अडतात. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नसेल तर पासवर्ड बदलल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो जुनाच मागत राहतो आणि माणूस समजतो की बदल झालाच नाही. मग पुन्हा बदलतो, पुन्हा तेच. त्यामुळे आधी वायफाय.

कोड जुन्या, बंद झालेल्या नंबरवर जात असेल तर मायक्रोसॉफ्टचा खाते-परतीचा फॉर्म भरा. त्यात जुने पासवर्ड, अलीकडे पाठवलेल्या ईमेलचे विषय, ते कोणाला पाठवले, असं विचारतात. जेवढं नेमकं लिहाल तेवढं बरं. हा फॉर्म दिवसातून दोनदा भरता येतो, म्हणून घाई न करता आठवून भरा, आणि शक्यतो नेहमी वापरता त्याच जागेवरून, ओळखीच्या मशीनवरून भरा. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल तर मात्र हा फॉर्म चालत नाही. आत शिरण्याची सगळी माहिती एकदम बदलायची विनंती केलीत तर ३० दिवस थांबावं लागतं. ते ३० दिवस फार जाचक वाटतात, पण उद्या कोणी तुमच्या नावाने अशीच विनंती केली तर हेच दिवस तुमचं खातं वाचवतात.

लोकल खातं असेल तर ‘रीसेट पासवर्ड’वर क्लिक करा. खातं तयार करताना तीन सुरक्षा प्रश्न भरले असतील (२०१८ सालच्या १८०३ या आवृत्तीपासून विंडोज १०मध्ये ही सोय आली) तर ते समोर येतील. उत्तरं तेव्हा जशी लिहिली होती तशीच लिहावी लागतात, स्पेलिंगसकट. आधी कधी पासवर्ड रीसेट डिस्क, म्हणजे एका खास फाइलचा पेनड्राइव्ह, बनवून ठेवला असेल तर तो लावा. त्यानंतर पासवर्ड कितीही वेळा बदलला असला तरी तो चालतो.

दोन्ही नसेल तर बघा, त्याच कॉम्प्युटरवर घरातल्या आणखी कोणाचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं (इतरांची खाती बदलण्याचा अधिकार असलेलं) आहे का. त्या खात्याने आत जा, कंट्रोल पॅनल उघडा, ‘युजर अकाउंट्स’मध्ये ‘मॅनेज अनदर अकाउंट’ निवडा आणि तुमच्या खात्याचा पासवर्ड बदला. याची किंमत थोडी आहे. विंडोजने तुमच्या नावावर साठवलेले पासवर्ड आणि तुम्ही स्वतः एकेक करून एन्क्रिप्ट केलेल्या फाइल अशा बदलानंतर उघडत नाहीत. साध्या फोटोंना आणि कागदपत्रांना काही होत नाही.

दार उघडत नाही, पण फाइल बाहेर काढता येतात

इथवर काहीच चाललं नसेल तरी पुसण्याकडे वळू नका. लॉगिनचा पासवर्ड विंडोजच्या दारावर असतो. डिस्कवर एन्क्रिप्शन नसेल तर विंडोज सुरूच न करता फाइल वाचता येतात. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून मी यावर जरा जास्त बोलणार आहे.

दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची फाइल डाउनलोड करा आणि ती ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर ‘बूट होईल अशी’, म्हणजे मशीन त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येईल अशी, लिहा. बॅलेना एचर किंवा रुफस ही मोफत साधनं हे काम करतात. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जाईल, तेव्हा रिकामा घ्या.

अडलेल्या मशीनवर लॉगिनच्या पडद्यावरून ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. शट डाउन केल्यावर विंडोज बऱ्याचदा अर्धवट झोपलेलं राहतं, पुढच्या वेळी चटकन उठता यावं म्हणून, आणि मग दुसऱ्या सिस्टिमला ती डिस्क नीट उघडता येत नाही. मशीन सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. काही मशीनवर एफ१२, काहींवर एफ९ किंवा एस्केप. मेनूतून पेनड्राइव्ह निवडा.

पडद्यावर ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे पर्याय आले तर ‘ट्राय’च निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका, त्याने डिस्क पुसली जाऊ शकते. डेस्कटॉप उघडला की फाइल्सच्या खिडकीत तुमची विंडोजची डिस्क दिसेल. तिच्यात ‘युजर्स’, त्यात तुमचं नाव, त्यात ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’, ‘डाउनलोड्स’. हे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. झाल्यावर दोन-चार फोटो आणि एखादं कागदपत्र उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फाइल आली असं धरू नका.

डिस्क उघडताना किल्ली मागितली तर ती बिटलॉकरने बंद आहे. नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून विंडोज सुरू केलं की एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप लागतं, त्यामुळे ‘मी कधी लावलंच नाही’ हे अनेकांच्या बाबतीत खरंच असतं. रिकव्हरी की, म्हणजे हे कुलूप उघडायची राखीव किल्ली, ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा, डिव्हाइसच्या माहितीत ती सहसा सापडते. तिथे एकापेक्षा जास्त की दिसल्या तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर जो की आयडी आहे त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा. बूटच्या सेटिंगमध्ये बदल केल्यानेही बिटलॉकर अचानक की मागू शकतो, तेव्हा की हातात आल्याशिवाय तिथे काही बदलू नका.

आणि मग, शेवटी, पुसणं

फाइल बाहेर आल्या, किंवा त्यांची गरजच नाही, तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ क्लिक करा. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘रीसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. शेजारचा ‘कीप माय फाइल्स’ बघून मोह होतो, पण तो तुमच्या फाइलींसोबत तुमचं खातंही तसंच ठेवतो, त्यामुळे विसरलेल्या पासवर्डवर त्याचा इलाज होत नाही. विंडोजचा डिजिटल परवाना मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो, त्यामुळे पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

मॅक

मॅकवर तीनेकदा पासवर्ड चुकला की रकान्याशेजारी प्रश्नचिन्ह येतं किंवा पासवर्ड बदलण्याचा संदेश येतो. ॲपलच्या खात्याने बदलायचा पर्याय दिसला तर तोच घ्या. नसेल तर रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या पडद्यावर, जावं लागेल. २०२०च्या अखेरीपासून आलेल्या एम मालिकेच्या चिपच्या मॅकवर मशीन बंद करा, मग पॉवरचं बटण दाबून धरा आणि सुरुवातीचे पर्याय लोड होत असल्याचं दिसेपर्यंत सोडू नका. त्यातून ‘ऑप्शन्स’ निवडा. वापरकर्ता निवडायला सांगितलं तर खाली ‘फरगॉट ऑल पासवर्ड्स’ असा दुवा असतो. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर ही बटणं धरून ठेवा, मग वरच्या ‘युटिलिटीज’मधून टर्मिनल (लिहून हुकूम द्यायची खिडकी) उघडा आणि ‘रीसेट पासवर्ड’ हे इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता, सगळी लहान अक्षरं वापरून टाइप करून एंटर दाबा.

फाइलव्हॉल्ट चालू असेल तर ॲपलचं खातं किंवा त्याची रिकव्हरी की लागेल. ती २४ अक्षर-अंकांची असते, चार-चारचे सहा गट. आत गेल्यावर जुनं ‘लॉगिन कीचेन’ (मॅकने साठवलेल्या पासवर्डचा संच) उघडत नसल्याचा संदेश आला तर घाबरू नका. त्यातले जुने पासवर्ड जुन्या पासवर्डनेच उघडतात, म्हणून मॅक नवं कीचेन सुरू करतो. जुना पासवर्ड पुढे कधी आठवला तर उपयोगी पडेल, म्हणून जुनं पुसायची घाई करू नका.

मॅक पूर्ण पुसला तरी ॲक्टिव्हेशन लॉक (मॅकला मालकाच्या ॲपल खात्याशी बांधणारं कुलूप) असेल तर ॲपलच्या खात्याचा पासवर्ड लागतोच. त्यामुळे मॅकवर खातं परत मिळवणं हेच खरं काम.

लिनक्स

डिस्कवर लक्स नसेल तर हे सगळ्यात सोपं आहे. उबुंटूत सुरू होताना एस्केप (जुन्या मशीनवर शिफ्ट) दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘रिकव्हरी मोड’ निवडा आणि ‘रूट’ शेलमध्ये, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या हुकूम द्यायच्या पडद्यावर, जा. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असेल तर ती लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करा, म्हणजे जोडा. मग जी कमांड द्यायची तिचं नाव म्हणजे इंग्रजी ‘पासवर्ड’ या शब्दातून ‘ओ’ आणि ‘आर’ ही अक्षरं गाळून उरतं ते. तिच्यापुढे एक जागा सोडून तुमचं युजरनेम. नवा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं. टाइप करा, एंटर दाबा, पुन्हा टाइप करा.

क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, गूगलचं खातं असतं. पासवर्ड फोनवरून बदलल्यावर क्रोमबुक एकदा जुना पासवर्डही विचारू शकतं. तो सांगता आला नाही तर फक्त त्या मशीनवरच असलेल्या फाइल गमवाव्या लागू शकतात. गूगल ड्राइव्हवरच्या फाइल जशाच्या तशा राहतात.

मदत शोधताना

पासवर्ड विसरलेला माणूस घाबरलेला असतो आणि ठगांना हे पक्कं ठाऊक असतं. इंटरनेटवर ‘मदत केंद्र’ म्हणून सापडलेल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट, ॲपल किंवा गूगलचा माणूस स्वतःहून फोन करून तुमच्याकडे कोड मागत नाही. फोनवर आलेला कोड म्हणजे तुमच्या दाराची किल्लीच, तो कोणालाही वाचून दाखवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. पैसे भरून ‘कुठलाही पासवर्ड काढून देणारं’ सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांतलं बरंचसं निरुपयोगी असतं आणि काहींत व्हायरस असतो.

आत गेल्यावर, त्याच दिवशी

आत्या आत गेल्यावर आम्ही फोन ठेवला नाही. पहिल्यांदा फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. मग शोधपट्टीत ‘बिटलॉकर’ लिहून ‘मॅनेज बिटलॉकर’ उघडलं. तिचा लॅपटॉप एन्क्रिप्टेड होता, तिला पत्ताच नव्हता, आणि की तिच्या अशा एका ईमेल खात्यात होती जे तिने कित्येक वर्षं उघडलं नव्हतं. त्या खात्यावरचा फोन नंबरही जुनाच होता. आधी नंबर बदलला. मग घरात कोणी अडलं तर दार आतून उघडता यावं म्हणून काकांच्या नावाने दुसरं ॲडमिनिस्ट्रेटर खातं काढलं. नवा पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द तिने सलग जोडले, लांब पण बोटांना सोपे.

शेवटी ती ४८ अंकी की. ‘बॅकअप युवर रिकव्हरी की’मधून ती छापता येते, पण तिच्याकडे प्रिंटर नव्हता, म्हणून तिने वहीच्या पानावर हाताने लिहून घेतली. बिटलॉकरच्या कीमधल्या सहा अंकांच्या प्रत्येक गटाला ११ने पूर्ण भाग जातो. १३५७९५ला ११ने भागलं की १२३४५ येतात, तसं. त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला तर लगेच कळतं. तिने एकेक गट वाचला आणि मी इकडे कॅल्क्युलेटरवर भागत गेले. पाचव्या गटात बाकी उरली. तिने सातचा एक लिहिला होता. तो खोडून दुरुस्त केला, आठही गट पुन्हा तपासले आणि ते पान तिने लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कपाटातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावलं.